रत्नागिरी : आरे-वारेच्या होमस्टेचं वायरिंग डिझाइन नव्या इंजिनिअरला जमतं का? इलेक्ट्रिकलच्या पदवीनंतर नेमकं काय शिकावं लागतं?

रत्नागिरीहून किनारी रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालं की आरे-वारे लागतं. डोंगराच्या कुशीतले दोन किनारे, सुरूचं बन आणि खाली पसरलेला समुद्र. इथला फोटो तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी आलाच असेल.

या पट्ट्यात मुक्कामासाठी खोली शोधताना पर्यटक एसी आहे का, गरम पाणी मिळेल का, वाय-फाय चालतं का, हे विचारतात. आता त्यात इलेक्ट्रिक गाडी चार्ज होईल का, याचीही भर पडली आहे. पण मीटरच्या बाजूला असलेल्या त्या पांढऱ्या डब्यात, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डात काय बसवलं आहे, हे कुणी विचारत नाही.

खरं तर बाथरूममधला गिझर सुरक्षित आहे की नाही, हे त्या डब्यावरच ठरतं. तो डबा ठरवण्याचं काम म्हणजे इलेक्ट्रिकल डिझाइन.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार, गेल्या काही वर्षांत भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १२ हजारांहून अधिक लोकांचे मृत्यू नोंदवले गेले आहेत. दुसरीकडे इलेक्ट्रिकलचा आयटीआय, डिप्लोमा किंवा डिग्री घेऊन दरवर्षी हजारो मुलं-मुली बाहेर पडतात. त्यातले बरेच जण महावितरणच्या भरतीची किंवा पुण्या-मुंबईतल्या नोकरीची वाट पाहतात. त्याच वेळी घराशेजारच्या चार खोल्यांच्या होमस्टेचं वायरिंग मात्र कोणतंही गणित न करता, अंदाजाने होतं.

ही दरी नेमकी कुठे आहे? ती भरायला कोणती कौशल्यं लागतात? आरे-वारेसारख्या किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक होमस्टेचं उदाहरण घेऊन समजून घेऊ.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं, घरांचा वीजवापर बदलला. कोकणातल्या जुन्या घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक टीव्ही असायचा. त्याच घरात आता एसी, गिझर, इंडक्शन शेगडी आणि पाण्याचा पंप आला. खोल्या पर्यटकांना द्यायला लागल्यावर ही उपकरणं दुप्पट-चौपट झाली. वायर मात्र अनेक ठिकाणी जुनीच राहिली.

दुसरं, छतावरचं सोलर. केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांवर सोलर बसवण्याचं तिचं उद्दिष्ट आहे आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. म्हणजे गावागावांतल्या घरांवर आता छोटी वीजनिर्मिती केंद्रं उभी राहत आहेत. त्यांचं डिझाइन आणि देखभाल करणारी माणसंही गावागावांत लागणार.

तिसरं, वादळं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलं. मंडणगड आणि दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर गेलं. खांब उभे करणं हे महावितरणचं काम. पण वीज परत येताना घरातली उपकरणं जळू नयेत, ही सोय घराच्या आत करावी लागते.

पहिलं कौशल्य : लोड मोजणं

आपल्या काल्पनिक होमस्टेत चार खोल्या आहेत असं समजू.

- चार एसी, प्रत्येकी १.६ किलोवॉट : ६.४ किलोवॉट
- चार गिझर, प्रत्येकी २ किलोवॉट : ८ किलोवॉट
- स्वयंपाकघर : ३ किलोवॉट
- दिवे, पंखे, टीव्ही : १.५ किलोवॉट
- विहिरीवरचा एक एचपीचा पंप : सुमारे १.१ किलोवॉट

एकूण बेरीज झाली २० किलोवॉट. मग २० किलोवॉटची जोडणी मागायची का?

नाही. गिझर सकाळी चालतात, एसी प्रामुख्याने दुपारी आणि रात्री. सगळी उपकरणं एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालत नाहीत. या विचाराला तांत्रिक भाषेत 'डायव्हर्सिटी' म्हणतात. दिवसाचं वेळापत्रक मांडलं तर इथली कमाल मागणी १२ किलोवॉटच्या आसपास येईल.

लोड जास्त दाखवला तर मालक दर महिन्याला गरज नसताना जादा पैसे मोजत राहतो. कमी दाखवला तर मे महिन्याच्या ऐन हंगामात मेन स्विच पडतो. म्हणून हा आकडा मालकाशी बसून, त्याचा दिवस कसा जातो हे विचारून काढावा लागतो. पुस्तकातल्या गणितात लोड दिलेला असतो. प्रत्यक्षात तो आपल्याला शोधायचा असतो, आणि नवा इंजिनिअर बहुतेक वेळा इथेच पहिल्यांदा अडतो.

१२ किलोवॉट सिंगल फेजवर घेतले तर करंट ५० अँपिअरच्या वर जातो. थ्री फेजवर तोच करंट प्रत्येक फेजला १७ ते १९ अँपिअर होतो. म्हणून इथे थ्री फेज योग्य. पण मग चारही गिझर एकाच फेजवर टाकून चालणार नाही. ते तिन्ही फेजवर वाटावे लागतात.

इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग द्यायचं असेल तर त्याचा हिशेब वेगळा. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली तर ती रात्रभर, सात-आठ तास सलग जवळपास पूर्ण करंट ओढू शकते. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी रात्रभर. सैल सॉकेट अशा वेळी वितळतं. त्यामुळे चार्जिंगला स्वतंत्र सर्किट आणि दर्जेदार सॉकेट हवंच.

दुसरं कौशल्य : वायर आणि एमसीबीची जोडी जुळवणं

एमसीबी कशासाठी असतो? बरेच जण म्हणतील, उपकरण वाचवायला. खरं तर त्याचं मुख्य काम वायर वाचवणं हे आहे.

नियम सोपा आहे. उपकरणाचा करंट एमसीबीच्या रेटिंगपेक्षा कमी हवा आणि एमसीबीचं रेटिंग वायरच्या क्षमतेपेक्षा कमी हवं. २ किलोवॉटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचा एमसीबी आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ही जोडी बसते.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून कुणी तरी तो काढून ३२ अँपिअरचा बसवतो. पडायचं थांबतं आणि सगळे खूश होतात. पण आता भिंतीतली वायर तापून तिचं आवरण जळेपर्यंत एमसीबी शांत बसू शकतो. एमसीबी का पडतोय, हे शोधणं हे इंजिनिअरचं काम. मोठा एमसीबी टाकणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटरच फेकून देणं.

एमसीबीचे प्रकारही माहीत हवेत. 'बी' प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला लगेच पडतो, 'सी' प्रकारचा ५ ते १० पटीला. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, त्यामुळे पंपाला आणि एसीला सहसा 'सी' लावतात.

तिसरं कौशल्य : लांबीचा हिशेब

कोकणातली विहीर घरापासून दूर, बागेत असते. समजा ती १०० मीटरवर आहे. एक एचपीचा पंप सुमारे ६ अँपिअर घेतो. १.५ चौरस मिलिमीटरची वायर हा करंट आरामात वाहून नेते. म्हणून अनेकदा तीच ओढली जाते.

पण करंट जातो १०० मीटर आणि परत येतो १०० मीटर. या २०० मीटर तांब्याचा रोध सुमारे २.४ ओहम होतो. ६ अँपिअरला वाटेतच १२ ते १४ व्होल्ट गळतात, म्हणजे २३० व्होल्टच्या पाच-सहा टक्के. वायरिंगचं भारतीय मानक आयएस ७३२ दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर वापरासाठी ५ टक्के घट मर्यादा मानतं. त्यात पंप सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, तेव्हा घट आणखी वाढते. मग संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी असताना पंप नुसता घुमतो, उचलत नाही आणि एक दिवस त्याचं वाइंडिंग जळतं. दोष पंपाच्या कंपनीला दिला जातो.

४ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तीच घट साधारण ५ व्होल्टवर येते. वायर महाग पडते, पण पंप दरवर्षी रिवाइंड करावा लागत नाही. हे गणित दहावीच्या विज्ञानातल्या ओहमच्या नियमाचंच आहे. फक्त ते वायर विकत घेण्याआधी करायचं असतं.

चौथं कौशल्य : जांभ्यातलं अर्थिंग

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण इथे थेट माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

रत्नागिरीची जमीन जांभ्याची. पावसात ती भिजलेली असते, पण उन्हाळ्यात सडा कोरडाठाक पडतो. कोरडा जांभा वीज सहज वाहू देत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये मोजलेलं अर्थिंग चांगलं दिसतं आणि मे महिन्यात, म्हणजे पर्यटकांच्या ऐन हंगामात तेच कमकुवत झालेलं असतं.

याचा परिणाम काय होतो? समजा गिझरच्या आत बिघाड होऊन फेजची तार धातूच्या बॉडीला टेकली. घराच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा ५ ओहम. करंट या दोन्हींतून जमिनीमार्गे परत जाणार. २३० भागिले १५, म्हणजे साधारण १५ अँपिअर.

गिझरला एमसीबी आहे १६ अँपिअरचा. तो पडणारच नाही. आणि गिझरच्या बॉडीवर, नळावर १५ गुणिले १०, म्हणजे सुमारे १५० व्होल्ट राहतील. ओल्या अंगाच्या माणसासाठी हे जीवघेणं आहे.

म्हणजे घरात अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरीही माणूस मरू शकतो. 'अर्थिंग केलंय ना, मग झालं' हा समज म्हणूनच धोक्याचा.

यावरचा उपाय म्हणजे आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का, हे तो सतत तपासतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तो सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. आपल्या उदाहरणात १५ अँपिअर गळत आहेत, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या ५०० पट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार अगदी लहान जोडण्या वगळता असं गळती-संरक्षण बंधनकारक आहे. पण आरसीसीबी ओव्हरलोडपासून वाचवत नाही, त्यामुळे एमसीबीही लागतोच.

मग आरसीसीबी बायपास का होतो?

कारण डिझाइन चुकतं. खर्च वाचवायला संपूर्ण घराला एकच आरसीसीबी बसवला जातो. जुलैच्या पावसात अंगणातल्या एका दिव्यात पाणी शिरतं आणि रात्री दोन वाजता अख्ख्या होमस्टेची वीज जाते. पाहुणे वैतागतात. सकाळी वायरमन येतो, दिवा शोधण्याऐवजी आरसीसीबीच बाजूला काढून तारा थेट जोडतो. त्या दिवसापासून चारही बाथरूम असुरक्षित.

नव्या इंजिनिअरने हा प्रसंग कागदावरच ओळखायला हवा. बाहेरचे दिवे आणि पंप वेगळ्या आरसीसीबीवर, खोल्या वेगळ्यावर. बाहेर बिघाड झाला तर फक्त बाहेरचे दिवे जातील आणि कुणाला सुरक्षा काढून टाकायचा मोह होणार नाही. लोक प्रत्यक्षात कसे वागतात हे ओळखून यंत्रणा आखणं, हाही डिझाइनचाच भाग आहे.

अर्थिंगसाठीही जांभ्यात एकच खड्डा पुरत नाही. एकापेक्षा जास्त इलेक्ट्रोड पुरेसं अंतर ठेवून एकत्र जोडणं, ओलावा धरणारी बेंटोनाइट माती भरणं आणि एप्रिल-मेमध्ये अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून ठेवणं, हे मार्ग आहेत. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ प्रत्येक नव्या उमेदवाराने एकदा तरी वाचायला हवं.

पाचवं कौशल्य : खारा वारा आणि वादळ

पुण्यात दहा वर्षं टिकणारा बोर्ड आरे-वारेला दोन पावसाळ्यांत गंजू शकतो. हवेतलं मीठ लोखंड खातं, स्क्रू जाम करतं आणि तांबं-ॲल्युमिनिअमच्या जोडाला पोखरतं. जोड सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो.

म्हणून किनाऱ्यावर बाहेरचा बोर्ड लोखंडी पत्र्याऐवजी पॉलिकार्बोनेटचा, आयपी ६५ दर्जाचा घ्यावा. या दर्जाचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. तांबं आणि ॲल्युमिनिअम जोडताना बायमेटॅलिक लग वापरावा. सोलर पॅनल घेताना आयईसी ६१७०१ ही खाऱ्या हवेची चाचणी झाली आहे का, ते विचारावं.

वादळात आणखी एक धोका असतो, तो न्यूट्रल तुटण्याचा. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल निसटला तर २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० व्होल्टच्या जवळ दाब येऊ शकतो. एका झटक्यात फ्रिज, टीव्ही, एसी जळतात. व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की वीज तोडणारं संरक्षण उपकरण आणि विजांच्या लाटेपासून वाचवणारं सर्ज प्रोटेक्शन हे दोन्ही बोर्डात असतील तर हे नुकसान टळू शकतं.

सोलरमध्ये आणखी दोन गोष्टी येतात. एक, डीसी करंट तोडणं एसीपेक्षा अवघड असतं, कारण एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, डीसी जात नाही. डीसीच्या जागी एसीचा एमसीबी बसवला तर ठिणगी विझत नाही आणि आग लागू शकते. दोन, बाहेरची वीज गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप बंद झालाच पाहिजे. नाही तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला घराच्या छतावरून येणाऱ्या विजेचा धक्का बसेल.

कॉलेजात हे शिकवत नाहीत का?

यातले सुटे भाग शिकवले जातात. रत्नागिरीतच शासकीय आयटीआय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, फिनोलेक्स अकॅडमीसारखं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आयटीआयच्या विद्यार्थ्याचा हात वायरिंगवर बसतो, डिप्लोमा-डिग्रीच्या विद्यार्थ्याला सूत्रं आणि यंत्रांचा सिद्धांत येतो.

पण डिझाइन म्हणजे या सगळ्याची साखळी. लोडवरून करंट, करंटवरून एमसीबी, एमसीबीवरून वायर, लांबीवरून वायरची पुन्हा तपासणी, अर्थिंगवरून आरसीसीबी आणि शेवटी प्रत्यक्ष मोजणी. एक आकडा बदलला की मागे जाऊन सगळं पुन्हा तपासावं लागतं. परीक्षेत यातली प्रत्येक कडी वेगळ्या विषयात, वेगळ्या वर्षी येते. पूर्ण साखळी एका जागेवर लावून पाहायची संधी फार थोड्यांना मिळते.

सॉफ्टवेअर शिकलं की हे येतं, असाही समज आहे. सॉफ्टवेअर गणित वेगाने करतं. पण विहीर किती लांब आहे, जमीन कसली आहे आणि पाहुणे कधी अंघोळ करतात, हे त्याला आपणच सांगावं लागतं.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःच्या घरापासून. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

१. घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या पाटीवरचे वॉट लिहून लोडचा तक्ता करा.

२. मीटरपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत सिंगल लाइन डायग्राम काढा. प्रत्येक एमसीबी, त्याचं रेटिंग आणि वायरची जाडी त्यावर लिहा.

३. प्रत्येक सर्किटला 'उपकरण, एमसीबी, वायर' हा नियम लावून पाहा. सर्वात लांबच्या पॉइंटची व्होल्टेज घट काढा.

४. परवानाधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली मोजणी शिका. मेगरने इन्सुलेशन (५०० व्होल्टला किमान १ मेगाओहम), अर्थ टेस्टरने अर्थिंग आणि क्लॅम्प मीटरने करंट. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का, हेही पाहा.

५. हे सगळं चार पानांच्या अहवालात लिहा. कोणत्या बदलाला किती खर्च येईल तेही मांडा.

असे पाच अहवाल ज्याच्या फाइलमध्ये आहेत, त्याला मुलाखतीत 'अनुभव काय?' या प्रश्नाला उत्तर असतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणूनही एखाद्या खऱ्या होमस्टेचा, मिरकरवाड्याजवळच्या बर्फ कारखान्याचा किंवा आंबा प्रक्रिया उद्योगाचा असा अभ्यास करता येईल.

मात्र एक लक्षात ठेवा. अहवाल करणं वेगळं आणि काम करणं वेगळं. विद्युत संचमांडणीचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच करावं लागतं. महाराष्ट्रात त्यासाठी तारतंत्री, पर्यवेक्षक आणि ठेकेदार असे परवाने आहेत. नव्या जोडणीच्या वेळी द्यायच्या टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराची सही असते. ती सही म्हणजे जबाबदारी. मोजणी न करता केलेली सही उद्या अपघाताच्या चौकशीत समोर येऊ शकते.

होमस्टे चालवणाऱ्यांनी काय विचारावं?

तुमचं घर असो वा होमस्टे, काम देण्याआधी पाच प्रश्न विचारा. लोडचा तक्ता केला का? डायग्राम मिळेल का? बाथरूमच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, आणि बाहेरच्या दिव्यांचा वेगळा आहे का? अर्थिंग उन्हाळ्यात किती मोजलं? टेस्ट रिपोर्टची प्रत देणार का?

हे प्रश्न ग्राहक विचारू लागले, तर त्यांची उत्तरं देता येणाऱ्या तरुणांना गावातच काम मिळेल. आज चांगलं डिझाइन आणि अंदाजपंचे वायरिंग यांच्यातला फरक ग्राहकाला दिसत नाही, म्हणून दोघांनाही सारखाच दर मिळतो. अनेकदा तर स्वस्त अंदाजालाच काम मिळतं.

आरे-वारेच्या खोलीत उतरलेल्या पाहुण्याला त्या पांढऱ्या डब्यातलं काही कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. त्याच्यासाठी ते आधीच कुणी तरी गणित करून, मोजून ठरवलेलं असावं, एवढीच अपेक्षा आहे. इलेक्ट्रिकलची पदवी हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला निदान एवढं काम स्वतंत्रपणे जमलं पाहिजे.